पडणाऱ्याचे पाय

सोमवार, रात्र

अख्खी संध्याकाळ एकाच पोझवर गेली. इप्पोन सेओई-नागे, ज्युदोतला खांद्यावरून टाकायचा डाव. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या शैलीत मारामारी काढायला शिकायला बसलं की बहुतेक जण आधी ठोसा काढतात: पुढे भलीमोठी मूठ, मागे लहान लहान होत गेलेला हात, त्याच्याही मागे ओरडणारा चेहरा. फोरशॉर्टनिंगचा, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं आखूड काढण्याचा, तो धडा चांगलाच आहे. मूठ डोक्यापेक्षा मोठी काढायचं धाडस एकदा आलं की पानाला जीव येतो. मला मात्र पकडीची लढत जास्त ओढते. ठोशातली दोन माणसं वेगवेगळी काढून नंतर जुळवता येतात. पकडीत दोघांचा मिळून एकच तोल असतो आणि चित्र काढायचं ते त्या तोलाचं.

कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांच्या ज्युदोत डावाचे तीन टप्पे शिकवतात: कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं, त्सुकुरी, आपलं अंग डावाला बसवणं, आणि काके, प्रत्यक्ष टाकणं. मला तर ही तीन पॅनलांची, म्हणजे कॉमिकच्या चौकटींची, आयती विभागणीच वाटते. त्यातलं पहिलं पॅनल सगळ्यात अवघड. माणूस हवेत उलटा झाला की काय झालं ते कुणालाही दिसतं. कुझुशीत तो अजून उभाच असतो, फक्त वजन चवड्यांवर आलेलं असतं आणि टाचा जमिनीपासून जेमतेम सुटलेल्या असतात. म्हणून हल्ली रफ काढताना प्रत्येक आकृतीच्या गळ्याच्या खळगीपासून खाली लाल पेन्सिलीनं ओळंबा सोडतो. रेघ दोन पावलांच्या मध्ये आली तर माणूस उभा आहे. पावलांच्या पुढे गेली तर तो पडायला लागलाय, मग चेहऱ्यावर कितीही शांतपणा असो.

बुधवार

दिवसभर पाऊस. कार्ट्रिज पेपर दमट झालाय, जी-पेनची निब जरा दाबली की शाई फुटते. इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवणं, बाजूला ठेवलं. आयव्हरी शीट आणायला हवी.

मग जुने जपानी चित्रकार होकुसाई यांची चित्रं बघत बसलो. त्यांच्या मांगा या चित्रसंग्रहाचा पहिला भाग १८१४ चा, आणि १८१७ च्या सहाव्या भागात भाला, धनुष्य, तलवार असा युद्धकलेचाच पसारा आहे. आजच्या मांगासारखी त्यात गोष्ट नाही, एकेका पानावर सुट्या आकृत्या भरलेल्या आहेत. मागे काही पार्श्वभूमी नाही, तरी प्रत्येक माणूस जमिनीवर पक्का उभा वाटतो. हे सगळं कंबर आणि गुडघे करतात. पोटरीची एक फुगीर रेघ, लगेच घोट्याशी बारीक झालेली. तेवढ्यात वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं.

शनिवार

वस्तादांची परवानगी काढून सकाळी तालमीत वही घेऊन बसलो. पोरं धोबीपछाडचा सराव करत होती. हात धरून आत वळायचं, समोरच्याला पाठीवर घ्यायचं आणि पुढे आपटायचं. सेओई-नागेचा सख्खा भाऊच! मी भराभर खांदे आणि हात उतरवत होतो. वस्ताद मागून येऊन वहीत डोकावले. म्हणाले, "खालच्या अंगाचं काढ की. समोरच्याची टाच उचलल्याबिगर डाव लागत न्हाई. आन् टाकणाऱ्याची कंबर त्याच्या कंबरंच्या खाली गेली पायजे." सोमवारी मी जपानी शब्दांत वाचलेलं ते कोल्हापुरीत माझ्यासमोर उभं होतं.

त्यानंतर तासभर फक्त पाय काढले. टाकला जाणारा पोरगा उचलला जाण्याआधी पायाची बोटं मातीत रुतवतो. मातीत पाच छोटे खड्डे पडतात आणि अंगठा पांढरा पडतो. माझ्या कुठल्याही संदर्भ-फोटोत हे नव्हतं. ज्युदोत निदान कपड्यांच्या चुण्या मदतीला येतात. पकडीपासून ताणाच्या दिशेनं त्या सरळ धावतात आणि ओढ दाखवतात. इथं उघड्या अंगावर ते काम बोटांखाली दबलेलं मनगट करतं.

तालमीच्या भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्याच बँटमवेट गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईंना मिळालं होतं आणि इशीई मूळचे ज्युदोवाले. ज्या दोन विद्यांकडून मी चित्र शिकतोय त्या दोन्ही तिथं एका मॅटवर समोरासमोर आल्या होत्या. त्या लढतीचं एक पान कधीतरी काढायचंच आहे.

रविवार, दुपार

पानाची दिशा ठरवली. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे तिथं डावीकडे झेपावणारा माणूस वाचणाऱ्याच्या नजरेबरोबर धावतो आणि जोर वाढतो. मी देवनागरीत लिहिणार, तर माझा हल्ला डावीकडून उजवीकडे जायला हवा. पण सराव केलेली पोझ नुसती आरशासारखी उलटवून भागत नाही. ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, डावी बाजू उजवीच्या वर येते. चित्र उलटवलं की उजवी वर जाते आणि जपानमध्ये तशी घडी मृताच्या अंगावर घालतात. जिवंत खेळाडूला तसं काढणं मला अजिबात मान्य नाही. पोझ उलटी केली तरी गळ्याची घडी नव्यानं काढायची, हा आता माझा नियम.

फोकस लाइन्स, म्हणजे नजर एका बिंदूकडे ओढणाऱ्या रेघा, त्याही आजच जमवल्या. केंद्रावर टाचणी टोचायची, पट्टी तिला टेकवायची आणि बाहेरून आत निब ओढत शेवटी हात हलका सोडायचा, म्हणजे रेघ टोकाला विरते. केंद्र कुठं घ्यावं यावर बराच वेळ घालवला. सवयीनं ते टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातं. मी समोरच्याच्या टाचेखाली घेतलं, जमीन आणि टाच यांच्यामधल्या त्या बोटभर फटीत. सगळ्या रेघा तिकडे धावतात आणि डाव अजून पडायचा असला तरी पडणार हे दिसतं.

आता तीन पॅनल. पहिलं रुंद, ही टाच. दुसरं उभं आणि अरुंद, वळलेली कंबर. तिसरं जवळजवळ अर्ध्या पानाचं, हवेतला माणूस, आणि त्याला स्पीडलाइन्स, म्हणजे वेग दाखवणाऱ्या रेघा, कमीच. उद्या आयव्हरी शीट आणली की पहिल्या पॅनलपासून इंकिंग.