घड्याळातलं मडकं

गेल्या रविवारी एक उद्योग केला. पातळ पत्र्याची जुनी वाटी घेतली, बुडाला खिळ्याने भोक पाडलं, पाणी भरलेल्या बादलीत अलगद सोडली आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बाजूला बसलो. घटिकापात्र म्हणतात ते हेच, भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि पात्र बुडलं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं, अशा ६० घटका म्हणजे एक दिवस. माझी वाटी चार मिनिटांत गेली, तीही तिरकी होऊन, कारण जे भोक मला मधोमध वाटलं होतं ते नव्हतं. मग ते मेणाने बुजवलं, नवीन पाडलं, ह्यावेळी सुईने.

पण एक गोष्ट बघितली ती डोक्यातून जात नाहीये. वाटीची कड पाण्याच्या बरोबरीला येते तेव्हा क्षणभर काहीच होत नाही, पाणी नुसतं कडेवर फुगून उभं राहतं, आणि मग एका बाजूने आत घुसतं आणि गुळुक, वाटी तळाला. आपण ‘त्याची घटका भरली’ म्हणतो ना, मी आजवर समजत होतो की घटका म्हणजे वेळ आणि भरली म्हणजे संपली, पण वेळ कशी काय भरेल, भरतं ते भांडं! ज्याने कोणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा माणसाला लावला त्याने ती कड नक्की जवळून बघितली असणार.

घट म्हणजे मडकं. घटी, घटिका, घडी, घटका ही सगळी त्या एकाच मडक्याची पोरं, आणि आपलं घड्याळ पण त्याच घरातलं. म्हणजे मनगटावर स्मार्टवॉच बांधून हिंडणारा माणूस ‘घड्याळात किती वाजले’ विचारतो तेव्हा तो मडक्याचीच चौकशी करत असतो. आणि ‘वाजले’ का, तर पात्र बुडलं की राखण बसलेला माणूस उठून ठोका द्यायचा. तास म्हणजे सुद्धा मुळात ६० मिनिटं नव्हेत, तास म्हणजे ती ठोके मारायची धातूची थाळी. शाळेतला ‘मराठीचा तास’ म्हणजे एक थाळी मराठी :)

हा नाद लागल्यावर मग थांबवत नाही. तराजूचंच घ्या. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्ये राहत नसेल तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा कपचा बांधायचे, तो पासंग. फारसीत संग म्हणजे दगड. ‘तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस’ हे लहानपणापासून ऐकलंय (बहुतेक वेळा मलाच उद्देशून), पण त्यातला अपमान किती बारीक आहे ते आत्ता कळलं. म्हणजे समोर वजन म्हणून ठेवायची तर तुझी लायकी नाहीच, पण काटा सरळ करायला जो फालतू खडा लागतो तेवढाही तू नाहीस. आणि रिकाम्या भांड्याचं वजन आधी दुसऱ्या पारड्यात टाकून जुळवून घेणं म्हणजे धडा करणे. डिजिटल काट्यावर ‘टेअर’ नावाचं बटण असतं ते हेच काम करतं. ह्याला मराठी शब्द होता, आपण तो फक्त पुस्तकातल्या धड्यासाठी आणि ‘धडा शिकवणे’साठी ठेवला.

सगळ्यात आवडता मात्र कसोटी. काळा गुळगुळीत दगड, त्यावर सोनं घासायचं, उमटलेली रेघ माहितीच्या सोन्याच्या रेघेशेजारी धरून रंग बघायचा. ती रेघ म्हणजे कस. ‘कस लागतो’ तो तिथून, आणि पाच दिवसांचं क्रिकेट चालतं ते पण त्याच दगडावर. संस्कृतात त्या दगडाला निकष म्हणतात, म्हणजे फॉर्मवर ‘पात्रतेचे निकष’ वाचताना खरंतर आपल्याला दगडावर घासायचंच चाललेलं असतं.

शंकू आता फक्त भूमितीतला टोपीसारखा आकार उरलाय, पूर्वी शंकू म्हणजे सावली मोजायला उभी रोवलेली काठी. तिच्याभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरेल तिथे खूण, दुपारनंतर बाहेर पडेल तिथे खूण, दोन्ही जोडले की पूर्व-पश्चिम रेषा तयार. होकायंत्राची गरजच नाही.

नंतरच्या शब्दांत ही मजा नाही हे माझं स्पष्ट मत. तापमापक, दाबमापक, आर्द्रतामापक, एकाच साच्यातून काढल्यासारखे, चूक काहीच नाही पण डोळ्यासमोर वस्तू येत नाही. ओळंबा म्हटलं की दोरीला लोंबणारं वजन दिसतं, कारण शब्दातच ते लोंबणं आहे. अर्थात बाहेरचे लोक फार शहाणे होते असंही नाही. व्हर्नियर हे पिएर व्हर्नियर ह्या माणसाचं नाव, मोजपट्टीवरच्या दोन रेघांमधलं बारीक माप वाचायची ती सरकती पट्टी त्याने १६३१ मध्ये छापून जाहीर केली, पण युरोपातल्या कित्येक भाषा तिला अजून नोनियस म्हणतात, त्याच्या आधीच्या पेद्रो नुनेस ह्या पोर्तुगीज गणितज्ञाच्या नावावरून. आणि थिओडोलाइट हा शब्द १५७१ च्या एका इंग्रजी पुस्तकात येतो, पण तो कशावरून बनवला ह्याचा पत्ता अजून कुणालाच लागलेला नाही. इतकं अचूक कोन मोजणारं यंत्र आणि नावाचा ठावठिकाणा नाही.

असो. सुईच्या भोकाने काल २६ मिनिटं दिली. आज सकाळी पाणी गार होतं तर जवळजवळ २८. गार पाणी जरा दाट होतं, हळू शिरतं. आता भोक केसभर मोठं करायचंय, पण जास्त झालं तर परत मेण.