अण्णांच्या नावाचा दगड

२८ जानेवारी १९७६ला सौराष्ट्रात धजाळा गावाजवळ अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, पडली. पुढे माझ्या पीएचडीत सूक्ष्मदर्शकाखाली तिचे जे काप आले, ते आमच्याकडे काप करून देणाऱ्या अण्णांच्या हातचे. आतलं लोखंड गंजू नये म्हणून पाणी टाळायचं, काचेवर चिकटवलेला तुकडा कार्बोरंडमच्या भुकटीवर बोटांनी घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायचा. एक दाब जास्त पडला की काप गेलाच. अण्णांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही. आभारात तळाशी नाव, तेही कधीमधी. त्यांचा गौरव करायचा तर लिओनार्ड पदक, कायपर पारितोषिक असल्या संशोधकांच्या सन्मानांच्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता.

मग एखाद्या लघुग्रहाला त्यांचं नाव द्यायचं सुचलं. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळाला की दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा, आणि माझ्या एका निरीक्षक मित्राकडे बिननावाचे काही शिल्लक होते. पैसे लागत नाहीत. (पैसे घेऊन ताऱ्यांना नावं देणाऱ्यांची प्रमाणपत्रं भिंतीवरच चालतात.) राजकारणी आणि सेनानींना मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं, हा नियम मला भारी आवडला.

अडलं अक्षरांवर. रोमन लिपीत सोळाच चालतात, मधली मोकळी जागा धरून. नाव-आडनाव जोडून भरली अठरा. नुसतं आडनाव घ्यायला मन होईना, त्या आडनावाचे हजार जण आहेत. शेवटी पाळण्यातलं नाव गाळून 'अण्णा' घातलं. चौदा!

सोबतचा मजकूर जेमतेम तीन-चार ओळींचा. मी लिहिलं, 'अत्यंत निष्ठावान, मनमिळाऊ...' मित्राने काट मारली. ''केलं काय ते लिही.'' जन्मसालही हवं होतं, पण अण्णांना आधी कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्या सूनबाईंना गुपचूप आधारकार्ड बघायला लावलं.

पुढे नुसती वाट पाहणं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती मतदान करते आणि तिच्या पत्रिकेत छापून आलं की नाव अधिकृत. तोवर कुणाला सांगायची सोय नाही. काही महिन्यांनी एकदाचं छापून आलं.

''अण्णा, मंगळ आणि गुरूच्या मधे तुमच्या नावाचा दगड फिरतोय.''

''केवढा?''

''असेल तीनेक किलोमीटर.''

''लोखंड आहे का त्यात?''

ते काही मला सांगता येईना. मग त्यांनी क्रमांक विचारला, कालनिर्णयच्या कडेला लिहून घेतला आणि एकेक आकडा सुटा करून मला वाचून दाखवला. तेव्हा लक्षात आलं, शेवटून दुसरा मीच चुकीचा सांगितला होता.