तुमचो झील टीव्हीर कधी दिसतलो?

बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, "काय हो, तुमचो झील टीव्हीर कधी दिसतलो?" हा प्रश्न मला गेली दोन वर्षे विचारला जातो. सतराव्या वर्षी सावंतवाडीहून गोव्यात जाऊन माझ्या मुलाने एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाशी करार केला, त्याचा सही करतानाचा फोटो साऱ्या गावाने पाहिला आणि पुढचे काहीच कोणाच्या नजरेस पडले नाही; तेव्हा विचारणाऱ्यांचे चुकते असे नाही.

करार झाला म्हणजे संघात जागा मिळाली, असे मलाही तेव्हा वाटले होते. अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. म्हणजे आमच्या हाती तीनच वर्षे, आणि त्यांतली दोन सरली. इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेत २०२१-२२च्या हंगामापासून एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येऊ लागले, म्हणजे किमान सात जागा भारतीयांच्या, हे गणित मी सुरुवातीला उत्साहाने सांगत असे. त्या सात जागांवर जम बसलेले, देशासाठी खेळलेले लोक असतात, हे सांगत नसे.

गावच्या स्पर्धांत तो पुढे खेळायचा आणि गोल करायचा. क्लबात पहिल्याच पावसाळ्यात प्रशिक्षकांनी त्याला डावा बचावपटू केले, कारण तो डाव्या पायाचा आहे आणि तसे बचावपटू मुळातच कमी मिळतात. त्याला ते लागले; मला अधिक लागले. सामन्याच्या एक-दोन दिवस आधी पहिल्या संघासमोर सरावाला जे अकरा जण उभे करतात, त्यांनी येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची असते: त्यांच्याच रचनेत उभे राहायचे, कॉर्नरला त्यांच्यासारखेच धावायचे. अशा रीतीने माझा मुलगा मोहन बागानचा, बंगळुरूचा आणि मुंबई सिटीचा डावा बचावपटू होऊन गेला आहे. स्वतःच्या क्लबाचा तेवढा व्हायचा आहे.

खरे सामने मिळतात ते दुसऱ्या संघातून, गोवा प्रोफेशनल लीगमध्ये किंवा २०२२ साली गोव्यातच सुरू झालेल्या रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये. रेल्वेने जाऊन मी त्यांतले बरेच पाहिले आहेत. सुट्टीत घरी आला की तो तळलेली सुरमई बाजूला सारतो, आणि हिचा चेहरा पडतो.

गेल्या महिन्यात वरिष्ठ संघाच्या एका सामन्यासाठी त्याला प्रथमच राखीव खेळाडूंत बसवले. आम्ही टीव्हीसमोरून हललो नाही. तो मैदानात उतरला नाही. उत्तरार्धात त्यांच्या संघातला एक जण जखमी होऊन पडला, तेव्हा कॅमेरा क्षणभर रेषेबाहेर फिरला आणि बिब, म्हणजे राखीव खेळाडूंचे बिनबाह्यांचे जॅकेट, घालून धावणाऱ्या तिघांतला मधला आपलाच होता, असे हिचे म्हणणे आहे. मला तो दिसला नाही. पडलेला खेळाडू डावा बचावपटूच आहे का, हे मी त्या वेळी पाहत होतो.