मजुरी वाढलीच असं नाही

स्पर्धा परीक्षेच्या सीसॅट पेपरातल्या उताऱ्यांत माझ्या मामेभावाचं हमखास चुकतं ते कला आणि व्यापार या विषयावर, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण आमच्या घरात या विषयाची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच आहे. मामा कोल्हापुरात सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करतो, पोरगं लहानपणापासून तळ शिवताना, चामड्याची वेणी घालताना बघत मोठं झालंय, आणि चपलेवरच उतारा आला की याचं उत्तर चुकलंच म्हणून समजा.

परवा मीच त्याच्यासाठी एक छोटा उतारा लिहिला. ‘2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूला मिळणारे भौगोलिक मानांकन, मिळाले. त्यामुळे तिची ओळख वाढली. मात्र ओळख वाढली म्हणजे कारागिराची मजुरी वाढलीच असे नाही.’ एवढंच. खाली प्रश्न, यावरून कोणता निष्कर्ष निघतो? पर्याय अ, मानांकनानंतर कारागिरांची मजुरी वाढली नाही. ब, ओळख वाढल्यावर मजुरी वाढेलच याची खात्री नाही. क, हे मानांकन कर्नाटकातल्या जिल्ह्यांनाही मिळाले. ड, कारागिरांनी आपला माल थेट विकावा.

त्यानं दहा सेकंदात अ वर टिक केली. मी म्हटलं परत वाच, तर म्हणतो, “ताई पण खरंच नाही वाढली की गं, पप्पांना विचार.” आता याला चूक कसं म्हणायचं? बाजूलाच मामा बसलेला, बोटं चामड्याच्या रंगानं लाल झालेली.

पण उताऱ्यात ‘वाढली नाही’ असं कुठंच नाहीये, ‘वाढलीच असे नाही’ असं आहे. म्हणजे कुणाची वाढली असेल, कुणाची नसेल, लेखक फक्त खात्री देत नाही. उत्तर ब. सगळा प्रश्न त्या एका ‘च’ वर उभा आहे आणि आपण रोज बोलताना इतके ‘च’ लावतो की वाचताना तो दिसतच नाही. क तर शंभर टक्के खरा आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत त्यात, पण उताऱ्यात त्याचा शब्द नाही म्हणून तो निष्कर्ष होत नाही, आणि जास्त वाचन असलेली पोरं नेमकी अशाच पर्यायावर जातात. ड कदाचित चांगला सल्ला असेल, पण लेखकानं तो दिलेलाच नाही.

चुकायची अजून एक जागा म्हणजे उताऱ्यात आलेलं दुसऱ्याचं मत. समजा उतारा राजा रविवर्म्यांवर आहे, 1894 ला त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातले देव घराघरातल्या भिंतीवर आले. मग एक वाक्य येतं, ‘काही समीक्षकांना यात कलेची घसरण दिसली’. प्रश्न असतो लेखकाच्या मते काय झालं आणि पोरं घसरणीवर टिक करून मोकळी, कारण कला आणि पैसा एकत्र आले की कला बाटते हे आपल्या डोक्यात आधीपासून बसलेलं असतं. लेखक पुढच्याच ओळीत ‘परंतु’ लिहून उलटं बोललेला असतो, तिथपर्यंत डोळा पोचतच नाही. ‘मात्र’ तर अजून अवघड, कधी तो ‘पण’ असतो तर ‘नाममात्र’मध्ये ‘फक्त’. किंमत आणि मूल्य हे शब्दसुद्धा बघून घ्या, उताऱ्यात एक असतो आणि पर्यायात गुपचूप दुसरा टाकलेला असतो.

खरं तर कोल्हापूरच्या पोरांना हा विषय परका वाटायला नको. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, म्हणजे पोटापाण्याचा धंदा आणि कला या गावात कायम एकाच छपराखाली राहिल्यात. पण हेच माहीत असणं पेपरात आडवं येतं आणि त्याला माझ्याकडं एकच उपाय आहे, पर्याय वाचायच्या आधी लेखकाचं म्हणणं आपल्या बोलीत एका ओळीत सांगायचं, मोठ्यानं, आणि प्रत्येक पर्यायाला विचारायचं की तू उताऱ्यात कुठं आहेस, ओळीवर बोट ठेवून दाखव. वेळ जातो. 80 प्रश्न आणि दोन तास आहेत, मान्य, पण चुकलं की मार्क कापतात, म्हणून मी तरी घाई करू देत नाही.

दुसऱ्यांदा त्यानं बोट ठेवून वाचलं, ‘च’ला गोल केला आणि ब लिहिलं. मामानं मान वर करून विचारलं, काय आलं रं उत्तर?

“वाढलीच असं नाही, पप्पा.”

“आमची तर न्हाई वाढली की.”

“उताऱ्यात तुम्ही नाही पप्पा,” असं म्हणून त्यानं पान उलटलं, आणि मामा परत वेणीला लागला.