काकांचा जिताडा, माझे क्लाउनफिश

"अगं, जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून आम्ही तळ्यात सोडतो. गोड्या पाण्यात दोन-दोन किलोची होतात. मग तुझ्याच माशांना विकतचं मीठ कशाला?" पेणला गेले की काकांचा हा प्रश्न ठरलेला. यंदा मला त्याचं उत्तर नीट देता आलं, कारण जूनमध्ये माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या दोन्ही क्लाउनफिशच्या (समुद्री माशांच्या) अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले.

हा मरीन इच, समुद्री माशांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी. त्यावरचं तांब्याचं औषध मला नको होतं. मासे वेगळ्या टँकमध्ये काढले आणि आरओचं पाणी घालत दोन दिवसांत खारटपणा १.०२५ वरून १.००९ वर आणला (हा आकडा पाण्याच्या घनतेचा, गोडं पाणी म्हणजे १.०००). माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. समुद्र त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेतो, म्हणून मासा पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. १.००९ ला आत-बाहेर जवळपास सारखंच, त्यामुळे मासा निभावतो. तळाशी पडलेले इचचे कोष मात्र पाणी शोषून फुटतात.

पहिल्याच आठवड्यात घात होता होता राहिला. एका सकाळी दोघे हीटरमागे निपचित, कल्ले भराभर चाललेले. खारटपणा मोजायचा काट्याचा हायड्रोमीटर १.००९ दाखवत होता. थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमधून पाहिलं तर १.००६! काट्याला मोहरीएवढा बुडबुडा चिकटला होता आणि त्यानेच काटा वर उचलून धरला होता. तो हायड्रोमीटर त्याच दिवशी टाकून दिला. पाणी फिकं केलं की पीएचही घसरतो, तो चिमूट-चिमूट खायच्या सोड्याने सावरला.

चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके गेले. इथेच बरेच जण फसतात. ठिपके जातात ते परजीवी माशावरून उतरून खाली कोष करतो म्हणून. मी १.००९ पक्कं झाल्यापासून ३० दिवस मोजले आणि मग आठवडाभर रोज थोडं थोडं मीठ चढवलं. मीठ उतरवताना मासा सोसतो, चढवताना घाई केली तर त्याच्या अंगातलं पाणी जातं. मोठ्या टँकमधल्या कोळंबीला आणि प्रवाळाला फिकं पाणी सोसत नाही, म्हणून तो टँक ७६ दिवस माशांविना ठेवला, म्हणजे मासाच न मिळाल्याने तिथला इच मरतो.

काकांना सांगितलं, जिताडा कल्ल्यांचं काम उलटं फिरवू शकतो: समुद्रात मीठ बाहेर टाकतो, तळ्यात पाण्यातलं मीठ आत ओढतो. क्लाउनफिशला ते जमत नाही. आणि अंडी घालायला जिताड्यालाही खारं पाणीच लागतं. काका जरा थांबले. "खरंय. इतक्या वर्षांत तळ्यात एक पिल्लू झालं नाही."

गणपतीत रिफ्रॅक्टोमीटर घेऊनच गेले. काकांनी पेलाभर खाडीचं पाणी आणलं. काचेवर थेंब टाकून, झाकण मिटून, त्यांनी तो उजेडाकडे धरला. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ १.००४ वर.

"एवढंसंच?" म्हणाले. "मे महिन्यात परत आण हे."