ज्याच्याबद्दल आम्ही बोललो नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलन, कवायत आणि मधल्या सुट्टीबद्दल लिहितील. लिहावंच. मला मात्र पाचवीतल्या आमच्या एका मित्राबद्दल लिहायचं आहे. त्याच्या घरच्यांना न विचारता नाव छापणं बरं नाही, म्हणून देत नाही. आमच्या वर्गातल्यांना ते सांगायची गरजही नाही.

सहामाहीच्या आधी तो मेंदूज्वराने गेला. एके सकाळी प्रार्थनेनंतर आम्हाला दोन मिनिटं उभं केलं आणि शाळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई त्याच्या आधीच्या नावावरून थेट पुढच्या नावावर गेल्या. मग वर्षभर वर्गात त्याचं नाव निघालं नाही. मी त्याच्या शेजारी बसायचो. बाकाच्या त्याच्या बाजूला मी दप्तरसुद्धा ठेवत नव्हतो.

मोठ्यांचा हेतू वाईट नसणार, मुलं घाबरतील असं त्यांना वाटलं असेल. पण गेलेलं माणूस परत येत नाही, हे बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास उमगतं. आम्ही दहा वर्षांचे होतो. तो का गेला, हेच तेवढं आम्हाला कळत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, म्हणून प्रत्येकाने मनाशी आपापलं कारण शोधलं.

ती कारणं एकमेकांना कळली थेट गेल्या वर्षीच्या मेळाव्यात. कार्यक्रम संपल्यावर आम्ही काही जण जुन्या वर्गात जाऊन बसलो होतो. आमचा तेव्हाचा मॉनिटर एकदम म्हणाला, "मीच त्याला पावसात खेळायला ओढून नेलं होतं रे. भिजला, ताप आला. माझ्यामुळे गेला तो." इतकी वर्षं हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याला आठवत होतं, की शेवटच्या दिवशी तो डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकून पडला होता आणि आपण बाईंना सांगितलं नाही.

आमच्यातली एक मैत्रीण आज डॉक्टर आहे. तिने समजावलं, की मेंदूज्वर बहुतेक वेळा विषाणूंमुळे किंवा जिवाणूंमुळे होतो, पावसात भिजल्याने नाही. सुरुवातीची लक्षणं साध्या तापासारखीच असू शकतात, आणि जिवाणूंमुळे झाला तर काही तासांतही बळावतो. हे सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "मी त्याला भांडणात 'मर तू' म्हणाले होते." मेंदूज्वर शापाने होत नाही, हे तिला कॉलेजात शिकून ठाऊक होतं. तरी ते वाक्य तिच्या मनातून गेलं नव्हतं. मला त्या दिवशीचं सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

मग वाद झाला. बातमी कुणी दिली? एक म्हणे मुख्याध्यापकांनी, दुसरा म्हणे शिपाईमामांनी, आणि दोघेही शपथेवर सांगत होते. मानसशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मित्राने तेव्हा अल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञांच्या आठवणींवरच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे नि कशी कळली, ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी 44 जणांना पुन्हा तेच विचारलं, तर 11 जणांच्या सगळ्याच मुख्य गोष्टी चुकल्या होत्या. आणि आपली आठवण बिनचूक आहे, अशी अनेकांची खात्री होती.

त्या पावसात तोच सगळ्यांच्या पुढे पळाला होता, असं आमच्यातल्या दोघांना आठवतं. मॉनिटरला तसं आठवत नाही. कुणाचं खरं, ते आता ठरणार नाही. एक मित्र मात्र "कशाला उकरून काढता?" म्हणत रागाने उठून गेला. मला त्याचाही राग समजतो.

शाळेकडे एकच मागणं आहे. असा प्रसंग कुठल्याही वर्गावर येऊ नये. आलाच, तर मुलांना आजाराचं नाव सांगा, त्यात त्यांचा दोष नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि गेलेल्या मुलाचं नाव वर्गात घेऊ द्या.

मॉनिटर आमच्या त्या गेलेल्या मित्राच्या आईंना भेटून आला. आपल्या मुलाबरोबर कोण कोण खेळायचं, हे त्या तासभर विचारत होत्या. आम्ही बाकीचे पुढच्या महिन्यात जाणार आहोत. उठून गेलेल्या मित्राचाही परवा फोन आला होता, तारीख विचारायला.