फुग्यावरचे मुखवटे: चिकटवणं सोपं, वाळवणं अवघड

फुग्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून करायच्या मुखवट्यांचा उपक्रम वर्गात फसतो, तो बहुतेक वेळा घाईमुळे. दोन तासिकांत सगळं उरकायचं ठरवलं की मुखवटा बाहेरून कडक आणि आतून ओला राहतो. चार दिवसांनी त्याला कुबट वास येतो आणि मग काळे ठिपके दिसतात. म्हणून आधी वेळापत्रक ठरवा: आठवड्याभरात चार छोट्या तासिका, आणि प्रत्येक दोन तासिकांमध्ये किमान एक पूर्ण दिवस वाळण्यासाठी.

खळ घरूनच शिजवून आणा. एक कप मैदा एक कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग तो चार कप उकळत्या पाण्यात धारेने ओतत ढवळत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पांढरेपणा जाऊन मिश्रण थोडं पारदर्शक दिसू लागलं की आच बंद. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, त्यामुळे चुलीवर असताना सायीपेक्षा पातळच असू द्या. दोन चमचे मीठ घातलं तर बुरशी जरा उशिरा धरते. नुसता कच्चा मैदा पाण्यात कालवून वापरणारे पुष्कळ आहेत, पण न शिजलेला स्टार्च नीट चिकटत नाही आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. बुरशी धरू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत नको. भिंतीला कागद चिकटवायच्या तयार पावडरीतही बुरशीनाशक असू शकतं, तीही टाळा. एवढी खळ साधारण चार फुग्यांना पुरते. उरलेली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

वर्तमानपत्र कात्रीने कापायचं नाही, फाडायचं. फाटलेली कड विरळ होत जाते, त्यामुळे एकावर एक पट्टी बसली की सांधा दिसत नाही. कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघेसारखी उठते. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. हे मुलांनाच शोधू द्या, पाच मिनिटं मजेत जातात. पट्ट्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि बोटाएवढ्या लांब. जास्त रुंद पट्टीला गोलाईवर सुरकुत्या पडतात.

फुगा तट्ट फुगवू नका. मुलाच्या हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या अंतरापेक्षा थोडा मोठा झाला की गाठ मारा आणि गाठीच्या बाजूने वाटीत बसवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे कागद रबराला चिकटत नाही. त्यावर खळीचे दोन थर. पट्टी वाटीत बुडवली की दोन बोटांमधून निथळून घ्यायची; खळ ठिबकत असेल तर वाळायला दुप्पट वेळ लागणार हे नक्की. एक थर साध्या कागदाचा, पुढचा रंगीत जाहिरातींच्या पानांचा, असं केलं की कुठे राहून गेलं ते मुलांना लगेच दिसतं. ‘झालं का?’ हे विचारणंही कमी होतं!

फुगे उन्हात ठेवायचा मोह होतो. पण उन्हात आतली हवा प्रसरण पावते, संध्याकाळी आकसते आणि तिच्याबरोबर ओला कागद सुरकुततो. सावलीत, पंख्याखाली ठेवा आणि अधूनमधून फिरवा. दुसऱ्या तासिकेला आणखी तीन थर द्या. नाक, गाल, भुवया याच वेळी उभारायच्या: कागदाचा बोळा पिळून बसवा आणि वरून बारीक पट्ट्यांनी बांधा. बोळा ओलाकच्च असेल तर नाकच सगळ्यात शेवटी वाळतं.

टिचकी मारल्यावर टणक आवाज आला आणि गालाला लावून गार लागलं नाही, तर वाळलं समजा. फुगा टाचणीने फाडकन फोडू नका. आतला थर दमट असेल तर तो ओढला जाऊन पोचा पडतो. गाठीजवळ बारीक चीर देऊन हवा हळूहळू जाऊ द्या. फुग्याचे तुकडे ताबडतोब गोळा करा, लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. कवच उभं अर्धं कापलं की दोन मुखवटे मिळतात. हे कापणं आणि डोळ्यांची भोकं शिक्षकांनीच करावीत. भोकांच्या खुणा मात्र मुखवटा त्या-त्या मुलाच्या चेहऱ्यावर धरून करा, अंदाजाने नको.

रंगाआधी पांढऱ्या पोस्टर रंगात थोडा फेविकॉल मिसळून एक हात द्या, नाहीतर छपाईची शाई डोकावते. त्यानंतरचे रंग घट्टच वापरा. पातळ पाणचट रंगाने कागद पुन्हा मऊ पडतो. दोरीची भोकं कडेपासून एक सेंटिमीटर आत, कानाच्या रेषेत पाडा आणि आतून कापडाचा चौकोनी तुकडा चिकटवा. नुसत्या कागदातून इलॅस्टिक पहिल्याच ओढीला फाटून बाहेर येतं.